गरोदरपणातील ॲनिमिया : आहारात काय घ्यावे?

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर त्याला ॲनिमिया म्हणजेच रक्तक्षय म्हणतात. अशा वेळी घरोघरी बीट सुरू होते. पण बीट लाल असले तरी त्यात लोह थोडेच असते. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, चवळी, राजगिऱ्याची भाजी, अळीव यांचा जास्त उपयोग होतो. भाजी लोखंडी कढईत केली तर उत्तमच.

धान्य, कडधान्ये व पालेभाज्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. मटण-मासळीतील सहज शोषले जाते. म्हणून शाकाहारी जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू हवाच. चहामुळे शोषण घटते, त्यामुळे जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा.

मात्र ॲनिमिया झाल्यावर केवळ आहार पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी रोज घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळपट होतो, त्याला घाबरून ती बंद करू नका. मळमळ, बद्धकोष्ठता फार असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल, तर लगेच रुग्णालयात जा.