साध्या शीतकपाटाचे स्मार्ट रूपांतर

साध्या शीतकपाटाचे स्मार्ट रूपांतर म्हणजे वापरात असलेल्या शीतकपाटाला (फ्रिजला) बाहेरून संवेदक, सूक्ष्मनियंत्रक आणि वायफाय जोडून आतील तापमान, दाराची स्थिती व विजेचा वापर दूरवरून कळेल अशी केलेली व्यवस्था होय. कारखान्यातच अशा सोयींसह तयार होणाऱ्या 'स्मार्ट फ्रिज'पेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. तिच्यात मूळ यंत्र जसेच्या तसे राहते. ते काय करत आहे, हे मात्र मालकाला कळू लागते.

इतिहास

या कल्पनेचे आरंभीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील शीतपेयांचे विक्रीयंत्र. १९८०च्या दशकाच्या आरंभी ते विभागाच्या संगणकाला जोडण्यात आले. यंत्रात बाटल्या आहेत का आणि त्या थंड झाल्या आहेत का, हे जागेवरून न उठता पाहता येई. प्रत्यक्षात तापमान मोजले जात नसे. यंत्रात भरल्यापासून तीन तास झाले की बाटली थंड मानली जाई.

२००० साली एलजी कंपनीने इंटरनेटशी जोडलेले शीतकपाट बाजारात आणले, परंतु २० हजार डॉलरहून अधिक किमतीमुळे ते चालले नाही. २०१४ नंतर ईएसपी८२६६ सारख्या स्वस्त वायफाय चिप उपलब्ध झाल्या आणि जुन्याच शीतकपाटात बदल करणे हौशी तंत्रज्ञांच्या आवाक्यात आले.

भारतात या तत्त्वाचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग लसींच्या साठवणुकीत झाला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'ईविन' या शासकीय जाळ्यात आरोग्यकेंद्रांतील शीतकपाटांना तापमान नोंदविणारी उपकरणे बसविण्यात आली. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. काही लसी उष्णतेने, तर काही गोठल्यानेही निकामी होतात आणि हा बिघाड डोळ्यांना सहसा दिसत नाही. घरी इन्सुलिन ठेवणाऱ्या मधुमेही रुग्णांनाही हीच अडचण येते.

रचना

तापमानासाठी डीएस१८बी२० हा संवेदक बराच वापरला जातो. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअस या टप्प्यात त्याची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश असते. संवेदक मोकळ्या हवेत लटकविल्यास दार उघडताच आकडा उसळतो आणि विनाकारण इशारे येतात. म्हणून तो पाण्याच्या लहान बाटलीत बुडवून ठेवतात. अन्नाचे तापमान हवेइतके झपाट्याने बदलत नाही व बाटलीतील पाणी अन्नाप्रमाणे वागते. दारासाठी लोहचुंबक व रीड स्विच पुरेसा होतो.

सूक्ष्मनियंत्रक शीतकपाटाबाहेर ठेवणे योग्य, कारण धातूच्या आवरणामुळे आतून वायफायचा संकेत क्षीण होतो आणि थंडीत बॅटरीची क्षमता घटते. संवेदकाची पातळ वायर दाराच्या रबरी गॅस्केटखालून आत नेता येते. भिंतीला छिद्र पाडू नये. अनेक शीतकपाटांत शीतद्रव्याच्या नळ्या भिंतीतच असतात आणि नव्या घरगुती शीतकपाटांत सर्रास वापरले जाणारे आर-६००ए हे शीतद्रव्य ज्वलनशील आहे.

विजेचा वापर मोजल्यास कॉम्प्रेसर दिवसातून किती वेळ चालतो हे कळते. ऋतू व वापर तोच असताना हे प्रमाण वाढत गेले, तर गॅस्केट सैल झाल्याची किंवा मागील जाळीवर धूळ साचल्याची शक्यता असते.

वीज जाते तेव्हा

इशाऱ्याची खरी गरज वीज गेल्यावर असते आणि बहुधा त्याच क्षणी घरातील राउटरही बंद पडतो. त्यामुळे 'तापमान वाढले' असा संदेश शीतकपाटाकडून येईल यावर विसंबता येत नाही. चांगल्या व्यवस्थेत उपकरण ठरावीक अंतराने नोंद पाठवीत राहते आणि नोंदी थांबल्या की घराबाहेरचा सर्व्हर इशारा देतो. दार बंद ठेवल्यास अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते असे मानले जाते. त्यामुळे वीज केव्हा गेली ही नोंद तापमानाइतकीच उपयोगी ठरते.

नियंत्रण व मर्यादा

स्मार्ट प्लगने शीतकपाट बंद-चालू करणे सोपे वाटते, पण ते धोक्याचे आहे. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचतो. हलका प्लग त्याने जळू शकतो. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच सुरू केल्यास आतील दाब समान झालेला नसल्याने मोटार अडकते. म्हणूनच शीतकपाटांच्या अनेक स्टॅबिलायझरमध्ये काही मिनिटांचा विलंब योजलेला असतो. मूळ थर्मोस्टॅटला हात न लावता केवळ निरीक्षण करणे हेच बहुतेक घरांसाठी इष्ट होय.

आतील जिन्नसांची आपोआप यादी करणे अद्याप कठीण आहे. कॅमेऱ्याला पुढच्या भांड्यामागचे दिसत नाही, कोथिंबिरीच्या जुडीवर बारकोड नसतो आणि झाकण लावलेल्या डब्यात आमटी आहे की ताक, हे घरच्यांनाही उघडूनच पाहावे लागते.

माहितीची सुरक्षितता

२०१५ मध्ये लास व्हेगास येथील डेफकॉन परिषदेत एका तयार स्मार्ट शीतकपाटातील त्रुटी दाखविण्यात आली. ते सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र तपासत नसल्याने त्याच जाळ्यावरील व्यक्तीला मालकाच्या ईमेल खात्याची माहिती चोरणे शक्य होते. घरी बनविलेल्या उपकरणात असे खाते जोडण्याची गरजच नसते. तरीही मूळ पासवर्ड बदलणे आणि उपकरण घरातील संगणकांपासून वेगळ्या वायफाय जाळ्यावर ठेवणे आवश्यक असते. दाराच्या नोंदींवरून घरात कोणी आहे की नाही, हेही कळू शकते.