शिलेदाराचा घोडा आणि बारगिराचा घोडा

गेल्या दिवाळीत देवळ्यास आमच्या एका आप्तांकडे जाण्याचा योग आला. घरचा कांदा, थोडी डाळिंबाची बाग आणि जोडीला वडिलांनी कष्टाने उभारलेला व्यापार, असे ते खाऊनपिऊन सुखी कुटुंब. घरातील थोरल्या चिरंजिवांनी मजपुढे एक प्रश्न टाकला. त्यांना दोनच माणसे बसतील अशी, ठेंगण्या बांध्याची, शर्यतीच्या वेगाची मोटार हवी होती. नित्याच्या कामास घरी गाडी होतीच. ही केवळ रविवारी पहाटे भावडबारीचा घाट ओलांडून चांदवडपर्यंत जाण्यासाठी, नाही तर सप्तशृंगीच्या पायथ्याशी नांदुरीस जाऊन येण्यासाठी. मोटारीची किंमत पन्नास लाख रुपये. ती विकत घ्यावी की अलीकडे मिळते तशी तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यावी, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. "काका, तुम्ही इतिहासात रमणारे, तुम्हांला मोटारीतले काय सांगता येणार? तरी विचारतो," असेही ते हसून म्हणाले. वडील मात्र हसत नव्हते. ज्या शिलकीची गोष्ट चालली होती तीत धाकट्या कन्येच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कमही होती, हे मला मागाहून कळले.

मी त्या वेळी उत्तर दिले नाही. परंतु परतताना वाटेत विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न मोटारीइतका नवा नाही. आपल्या पूर्वजांनी तो घोड्याच्या बाबतीत पुरता अडीचशे वर्षे सोडविला आहे, आणि त्यातील काही हिशेब तर देवळ्याच्या परिसरातच झालेले आहेत.

देवळा हा आज नाशिक जिल्ह्यातील स्वतंत्र तालुका आहे. १९९९ पूर्वी तो कळवण तालुक्यात मोडत असे. इतिहासात हा सारा मुलूख बागलाणचा. गावाच्या वायव्येस दूर साल्हेरचा किल्ला आहे आणि नैऋत्येस सातमाळ्याच्या रांगेत धोडप. १६७२ च्या आरंभी साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी मोगली फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. १७६८ च्या जून महिन्यात धोडपाच्या आश्रयास राहिलेल्या राघोबादादांचा थोरल्या माधवरावांनी तेथेच मोड केला. दोन्ही प्रसंगी या खोऱ्यांतून हजारो घोडी धावली. लढाईचे वर्णन करताना आपण स्वारांविषयी बोलतो. पण त्या प्रत्येक घोड्याविषयी एक गोष्ट आधीच ठरलेली असे. ती अशी की, हा घोडा मेला तर तो कोणाचा मेला?

मराठी घोडदळात स्वारांच्या दोन जाती होत्या. ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचे, तो शिलेदार. ज्यास घोडा सरकारातून मिळे, तो बारगीर. शिलेदारास पगार अधिक असे, कारण त्यात घोड्याचीही मजुरी होती. बारगिरास पगार कमी, परंतु घोड्याच्या दाण्याची, वैरणीची अथवा मरणाची चिंता त्याच्या डोक्यावर नसे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर शिलेदार हा मालक आणि बारगीर हा भाडेपट्ट्याने गाडी चालविणारा.

शिवछत्रपतींचा ओढा सरकारी पागेकडे होता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. त्यातच एक बारीकशी तरतूद आहे, तिकडे मी श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. घोडा धावो अथवा ठाणावर उभा राहो, त्यास पाणी रोज लागते आणि नाल झिजतच राहते. ज्याने हा हिशेब बांधला, त्यास घोड्याच्या किंमतीहून घोड्याच्या पोटाची काळजी अधिक होती, हे उघड दिसते.

तरीसुद्धा याच सभासदाच्या आकड्यांप्रमाणे पागेचे स्वार पंचेचाळीस हजार, तर शिलेदार साठ हजार. पागा श्रेष्ठ मानणाऱ्या राज्यासही शिलेदारांवाचून चालले नाही, याचे कारण सरळ आहे. एक लाखावर घोडी विकत घेऊन बारमाही पोसण्याइतके भांडवल नव्या राज्यापाशी कोठून असणार? शिलेदार घोडा घेऊन येई, म्हणजे आपले भांडवल घेऊन येई. राज्याच्या दृष्टीने पाहिले तर शिलेदाराचा घोडा हाच भाड्याचा घोडा होता. एकच जनावर, धन्याच्या खात्यात ते मालमत्ता म्हणून लागते आणि सरकारच्या खात्यात मजुरी म्हणून. मालकी बरी की भाडे बरे, हे कोणाच्या वहीतून पाहतो यावर अवलंबून राहते.

आता शिलेदाराच्या वहीत डोकावून पाहू. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. मुलूखगिरीचे ते सुमारे आठ महिने घोडा कमावी. उरलेले चार महिने तो केवळ खाई. पेशवाईत मोहिमेच्या आधी शिलेदारांस नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळत असे. तिच्या नावावरूनच कळते की घोड्याचा खर्च कमाईच्या आधी सुरू होतो. शिवाय घोडा लढाईत कामी आला तर शिलेदाराचे जनावर जाई आणि त्याबरोबर त्याची नोकरीही जाई. घोड्यावाचून शिलेदारी कसली? त्यामुळे असा स्वार आपले जनावर जपून वापरी. प्रसंगी शत्रूच्या अंगावर घालावयाचे तेथेही जपे. मालकीचे प्रेम ते हेच, आणि मालकीचे भयही हेच.

उलटपक्षी बारगीर. परक्या घोड्यास कोण जपतो? या शंकेस शिवशाहीने दोन उत्तरे योजिली होती. पहिले, हवालदाराची देखरेख. दुसरे, यादी. फौज बाहेर पडताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची नोंद होई आणि परतल्यावर ती ताडून पाहिली जाई. अधिक सापडेल त्याचा हिशेब घेतला जाई. आज भाडेपट्ट्याची मोटार परत करतेवेळी कंपनीचा माणूस कागद घेऊन तिच्या भोवती फिरतो, ओरखडे मोजतो, किती मैल चालली ते पाहतो आणि ठरल्याहून अधिक झिजली असल्यास पैसे मागतो. त्यात नवीन असे काही नाही.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे महाराजांनी चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच बेपर्वाईने उधळाल, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, तो दोष तुमच्या माथी येईल, आणि मग तुम्ही रयतेस नागवू लागाल, असा त्याचा आशय आहे. घोड्याचा खर्च आधी बाजूस काढून ठेविला नाही, तर तो शेवटी कोणा दुर्बळाच्या घरातून वसूल होतो, हे त्या पत्रातील सत्य आहे. देवळ्याच्या त्या घरातील धाकट्या कन्येची रक्कम मला आठवली, ती या ठिकाणी.

शिलेदारीची कथा मराठी राज्याबरोबर संपली नाही. इंग्रजांनी ती पद्धत उचलली. १८१७ मध्ये उभारलेल्या पुण्याच्या घोडदळापासून पुढे हिंदी घोडदळातील बहुतेक पथके शिलेदारीची होती. नवा स्वार घोडा व सामान यांची किंमत पथकात भरी, तिला असामी म्हणत. नोकरी सोडताना ती त्यास परत मिळे. कोणी एकाहून अधिक असाम्यांचा धनी असे, तो आपल्या घोड्यावर बारगीर बसवून पगाराचा काही भाग आपणाकडे ठेवी. पुष्कळांनी ही असामी सावकाराचे कर्ज काढून घेतली आणि ते जन्मभर व्याज फेडीत राहिले. परंतु अनुभवाने त्यांत एक शहाणी चाल पडली. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी वर्गणी कापीत. तिचे नाव चंदा. कोणाचा घोडा मेला की चंद्याच्या निधीतून नव्या घोड्यास साह्य होई. घोडा आज ना उद्या मरणार, हे धरूनच हिशेब मांडलेला होता.

१९१४ साली हिंदी घोडदळाच्या ३९ पथकांपैकी मद्रासकडील तीन सोडल्यास बाकी शिलेदारी पद्धतीची होती. पण महायुद्धात घोडी इतक्या संख्येने पडू लागली की कोणताही चंदा त्यास पुरेना. सरकारास घोडी व सामान पुरवावे लागले. १९२१ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली. शांततेच्या काळात मालकी स्वस्त पडली. तोटा एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेर जाताच ती टिकली नाही.

आता पुन्हा मोटारीकडे येऊ. पन्नास लाखांची मोटार. आपल्याकडील विमापत्रांच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे गाडीचे मूल्य तिसरे वर्ष सरेपर्यंत तीस टक्क्यांनी आणि पाचवे सरेपर्यंत पन्नास टक्क्यांनी उतरलेले धरतात. बाजारभाव याहून थोडा निराळा असेल, पण हिशेबास हे माप पुरे आहे. पाच वर्षांत पंचवीस लाख घसाऱ्यात गेले. तेच पन्नास लाख सहा टक्क्यांनी ठेविले असते तर सरळ व्याजाने पंधरा लाख आले असते. एकूण चाळीस लाख. वर्षातून चाळीस रविवार मोटार बाहेर निघाली, तर पाच वर्षांत दोनशे रविवार. म्हणजे दर रविवारी वीस हजार रुपये; पेट्रोल, विमा, टायर व दुरुस्ती निराळी. आठवड्याचे उरलेले सहा दिवस ती ठाणावर उभी राहून खाते. शिलेदाराचा घोडा निदान आठ महिने कमावीत असे. ही मोटार एक दिवसही कमावीत नाही.

मग भाडेपट्टा घ्यावा काय? भाडे देणारी कंपनी धर्मशाळा नव्हे. तिच्या हप्त्यात तीच घट असते, तिच्या भांडवलाचे व्याज असते आणि तिचा नफाही. शिवाय घट पहिल्या वर्षांतच अधिक. जो दर तीन वर्षांनी नवी मोटार भाड्याने घेतो, तो प्रत्येक वेळी त्या उतरणीचा सर्वांत कठीण भाग आपल्या पैशाने उतरतो. नऊ वर्षांत तीन पट्टे केले, तर आपल्याच मापाने तीन वेळा पंधरा लाख, म्हणजे पंचेचाळीस लाख घसाऱ्यापोटी गेले आणि हाती मोटार नाही. एकच मोटार नऊ-दहा वर्षे निगुतीने सांभाळणारास मालकी स्वस्त पडते. तीन वर्षांत हौस फिटणारास भाडेपट्टा बरा. निदान विकताना तोंडघशी पडण्याचे भय त्यास नाही. मात्र कागदावर सही करण्यापूर्वी त्याने जुना प्रश्न विचारावा: घोडा मेला तर तो कोणाचा? अपघात झाला, मुदतीआधी परत करावी लागली, तर भरपाई कोणी करावयाची? ती आपणावरच असेल, तर आपण नावाचे बारगीर आणि तोट्याचे शिलेदार.

देवळ्यास मी हा सारा हिशेब लिहून पाठविला आणि शेवटी एकच सूचना केली. मोटार घेण्यापूर्वी एक वर्ष चंदा काढून पाहा. चाळीस लाखांस साठ महिन्यांनी भागले की महिना सुमारे सदुसष्ट हजार रुपये होतात. तेवढे दरमहा, बहिणीच्या रकमेस हात न लावता, निराळ्या खात्यात टाका. वर्षभर ते जड गेले नाही तर खुशाल शिलेदार व्हा, आणि घोडा दहा वर्षे सांभाळा. जड गेले तर अधूनमधून एखाद्या रविवारपुरते बारगीर व्हावे, त्यात कमीपणा नाही. साल्हेरास लढले त्यांत बारगीरही होतेच.

मध्यंतरी चिरंजिवांचे पत्र आले. चार महिने चंदा नीट चालला. पाचव्या महिन्यात कांद्याचा भाव उतरला आणि खाते थांबवावे लागले. बहिणीचे शुल्क मात्र वेळेवर भरले गेले. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की भाव सुधारला म्हणजे चंदा पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरू करणार आहेत. मोटारीचा विषय त्यांनी सोडलेला नाही, आणि सोडावा असे माझेही म्हणणे नाही.