सुई, दोरा व अंगुस्तान

आपल्या देवळाच्या ह्या महोत्सव-पुस्तिकेंत पूर्वींच्या धर्मगुरूंचीं चरित्रें, घंटेची हकीकत, इमारतीच्या खर्चाचा तपशील हें सर्व दुसरे लेखक देतीलच. माझ्या वांट्याला एक लहानसा विषय आला आहे, आणि तो मजवर मुलांनीं लादला आहे. रविवारच्या मिस्सेनंतर शाळेच्या पडवींत जो शिवणाचा वर्ग भरतो, त्यांतील एका मुलीनें मला विचारलें, "फादर, सुई पहिल्यानें कोणीं केली?" चार वर्षें तत्त्वज्ञान व चार वर्षें ईश्वरज्ञान शिकलेल्या मनुष्यास ह्याचें उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून थोडें वाचन केलें. त्याचें हें फळ.

शिवणाचा पहिला उल्लेख आपल्या पवित्र शास्त्रांत अगदीं आरंभींच येतो. आदाम व एवा ह्यांनीं अंजिराचीं पानें एकत्र शिवून आपली नग्नता झांकली, असें उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं परमेश्वरानें स्वतः त्यांना चामड्याचीं वस्त्रें करून घातलीं. भूमि खणणाऱ्या विद्वानांना जें सांपडलें, तें पानांपेक्षां चामड्याच्या बाजूचें आहे. सैबेरियांतील गुहांत हाडांच्या सुया मिळाल्या आहेत, व त्यांतील जुन्यांत जुन्या सुया सुमारें ४०,००० वर्षांपूर्वींच्या मानल्या जातात. त्या थंडींत अंगाला घट्ट बसणारें कातडें शिवल्यावांचून मनुष्य जगलाच नसता. टोंचण्यासाठीं आरी त्याच्याही पूर्वीं होती. परंतु आरीनें भोंक पाडावें, मग त्यांतून वादी हातानें ओढावी, असा दुहेरी खटाटोप होता. कोणीतरी हाडाच्या दुसऱ्या टोंकाला बारीक छिद्र पाडलें आणि दोऱ्याला सुईच्या मागून चालावयास लावलें. सुईचा खरा शोध तिच्या अणकुचींत नसून नेढ्यांत आहे.

आपल्या देशांतही ही विद्या प्राचीन आहे. सिंधूच्या खोऱ्यांतील नगरांत तांब्याच्या सुया सांपडल्या. ऋग्वेदांत 'सूची' हा शब्द आहे, व तोच झिजत झिजत आपली 'सुई' झाला. सुश्रुतानें जखमा शिवण्याच्या तीन प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत : जेथें मांस थोडें तेथें दोन अंगुळें लांबीची गोल, मांसल भागीं तीन अंगुळांची तिधारी, आणि मर्मस्थानीं व पोटावर धनुष्यासारखी वांकडी. शस्त्रवैद्य आजही वांकडी सुई वापरतात. महाराष्ट्रांतील संत नामदेव हे जातीनें शिंपी. गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं जीं पदें घेतलीं आहेत त्यांतील एकांत गज, कात्री, सुई व दोरा हीं सर्व हत्यारें भक्तीच्या कामीं लाविलीं आहेत.

सुईच्या नेढ्यांतून उंट जाण्याचा प्रभूचा दृष्टांत सर्वांना पाठ आहे. 'सुईचें नेढें' हें यरुशलेमच्या एका लहान वेशीचें नांव होतें, असें पुष्कळ प्रवचनांत ऐकूं येतें. मींही तरुणपणीं तसें सांगितलें आहे. परंतु अशा वेशीला कसलाही प्राचीन आधार नाहीं. प्रभूनें सुई म्हटली ती सुईच. येथें एक मौज आहे. मत्तय व मार्क जो ग्रीक शब्द वापरतात, त्याहून निराळा शब्द लूक योजितो, आणि तो शब्द ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत शस्त्रक्रियेच्या सुईसाठीं आढळतो. लूक हा वैद्य होता, हें पौलाच्या कलस्सैकरांस पत्रावरून आपणांस ठाऊक आहे. एवढ्यावरून फार मोठें अनुमान काढूं नये. पण मला तो शब्द आवडतो. याफो येथील तबीथा मरण पावली तेव्हां विधवांनीं रडत रडत पेत्राला काय दाखविलें? तिनें शिवलेले अंगरखे.

आतां आपल्या डब्यांतील पोलादी सुईकडे येऊं. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत इंग्लंडमधील रेडिच नांवाच्या गांवीं व आसपास सुयांचा एवढा मोठा धंदा चाले कीं, जगांतील फार मोठ्या भागाला तेथूनच सुया जात. दोन सुयांच्या लांबीचा तारेचा तुकडा घ्यावयाचा, दोन्ही टोंकांना अणकुची काढावयाची, मध्यें दोन नेढीं ठोकावयाचीं, मग मधोमध मोडून दोन सुया करावयाच्या. पुढें त्या तापवून, बुडवून कठीण करीत. आणि हजारों सुया कुरुंदाची पूड व साबण ह्यांसह जाड कापडांत गुंडाळून पाण्याच्या चक्कीवर दिवसचे दिवस घाशीत, तेव्हां कोठें ती चकाकी येई. ह्या साऱ्यांत अणकुची काढण्याचें काम सर्वांत वाईट. कोरड्या सहाणेवर मूठभर तारा फिरवतांना पोलादाची व दगडाची धूळ थेट छातींत जाई. ते कामगार मजुरी भरपूर मिळवीत आणि तारुण्यांतच खोकून मरत. धूळ ओढून घेणारीं यंत्रें निघालीं, तर त्यांतीलच पुष्कळांनीं तीं नाकारलीं. धोका कमी झाला म्हणजे मजुरीही कमी होईल, ही त्यांना भीति. ज्या मजुराला आपल्या फुप्फुसांचा सौदा करावा लागतो त्याला मूर्ख म्हणणें सोपें आहे. मला तें म्हणवत नाहीं. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं कामगारांविषयीं जें परिपत्र काढलें, तें वाचतांना हे लोक माझ्या डोळ्यांपुढें येतात. रेडिचची एक जुनी सुईची चक्की आतां संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

दोऱ्याचा इतिहास थोडक्यांत सांगतों. पूर्वीं युरोपांत शिवणाला रेशीम अथवा तागाचें सूत लागे. १८०६ सालीं नेपोलियननें इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली, रेशीम मिळेनासें झालें, आणि स्कॉटलंडांतील पेस्ली येथल्या क्लार्क घराण्यानें कापसाचा गुळगुळीत पिळदार दोरा तयार केला. आपलें रीळ त्याच वंशांतलें. अंगुस्तान हें नांव मात्र पूर्वेकडचें आहे. फारशींत 'अंगुश्त' म्हणजे बोट.

मुलांनो, आतां तुमच्या कामाचें. हातशिवणाच्या सुईचा आंकडा जसजसा वाढतो तसतशी ती बारीक होते. (यंत्राच्या सुईचें नेमकें उलट आहे, ह्यावरून वर्गांत दोनदां भांडण झालें.) आरंभीं सात नंबरची घ्यावी. दोरा हातभर घ्यावा, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोंकापर्यंत, अधिक नको. सेमिनरींत आम्हांस प्रत्येकाला पत्र्याची एक डबी मिळे. तींत दोन सुया, काळा व पांढरा दोरा, आणि झग्याचीं चार बटणें असत. पुन्हां पुन्हां ओवण्याचा कंटाळा म्हणून मी वांवभर दोरा घेतला. त्याच्या गांठी झाल्या, त्या मीं तशाच आंत दडपल्या, आणि दुसऱ्या दिवशीं वेदीजवळ गुडघे टेकतांना तीन बटणें फरशीवर घरंगळत गेलीं. बटण कापडाला आवळून लावूं नये. मध्यें एक टांचणी ठेवून टाके घालावे, मग टांचणी काढून खालीं दोऱ्याचे दोनतीन वेढे द्यावे. काजांत बसावयास बटणाला तेवढी मान लागते.

अंगुस्तान शिवणाऱ्या हाताच्या मधल्या बोटांत घालावें. त्यावरील खळगे शोभेसाठीं नसून सुईचें बूड घसरूं नये म्हणून आहेत. पहिल्या दिवशीं तें सर्वांनाच अडचणीचें वाटतें. आठ दिवसांनीं त्यावांचून चालत नाहीं. कापडाच्या कात्रीनें कागद कापूं नये. शिकण्याचा क्रम असा : प्रथम धांवदोरा, मग टीप, मग कांठ दुमडून हेम, आणि शेवटीं काज. काज हें कठीण आहे, व तें चांगलें जमेपर्यंत चिंधीवरच करावें.

शिंप्यांचा आश्रयदाता संत होमोबोनुस हा इटलींतील क्रेमोना येथला, धंद्यानें शिंपी व कापडाचा व्यापारी. तो १३ नोव्हेंबर ११९७ रोजीं मिस्सेच्या वेळीं देवळांतच मरण पावला, व पुढें १४ महिन्यांतच तिसऱ्या इनोसंट पोपनीं त्यास संतपद दिलें.

माझें मन त्याहूनही एका स्त्रीकडे अधिक ओढ घेतें. फ्रान्सांतील आलांसों ह्या गांवची लेस केवळ सुईनें व दोऱ्यानें करितात. चर्मपत्रावर नक्षी टोंचून घ्यावयाची, तिच्या रेषांवरून दोरा बसवावयाचा, आणि त्या दोऱ्याच्या आधारानें हवेंत टाके घालीत जावयाचें. एका चौरस सेंटीमीटरला सुमारें सात तास लागतात. झेली मार्तें हिनें १८५३ सालीं ह्या लेसचा धंदा सुरू केला. कामकरणी घरोघर लहान लहान तुकडे करीत, आणि ते दिसूं न देतां एकमेकांस जोडण्याचें अवघड काम झेली स्वतः खिडकीपाशीं बसून करी. तिला नऊ मुलें झालीं. चार बाळपणींच गेलीं. तिच्या हातीं धंदा एवढा वाढला कीं १८७० सालीं तिच्या पतीनें, लुईनें, आपलें घड्याळांचें दुकान सोडून तिला साह्य केलें. १८७७ च्या ऑगस्टांत ती स्तनाच्या कर्करोगानें वारली, तेव्हां तिची धाकटी तेरेज साडेचार वर्षांची होती. तीच आपली बाळ येशूची संत तेरेजा. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पति-पत्नी दोघांनाही एकत्र संतपद मिळालें. तिचीं पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत गिऱ्हाइकांची घाई आणि तापलेलीं मुलें शेजारीं शेजारीं आहेत.

यंत्राबद्दल वाईट बोलण्याचें मला कारण नाहीं. १८४६ सालीं अमेरिकेंत इलायस हाउ ह्यानें नेढें सुईच्या अणकुचीजवळ आणून आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि जें काम दिवसाचें होतें तें तासाचें झालें. आमच्या वर्गांतही दोन यंत्रें आहेत. परंतु महोत्सवाच्या मिस्सेसाठीं वेदीचें जें नवें पांढरें वस्त्र झालें आहे, त्याचें हेम वर्गांतील बावीस मुलामुलींनीं वांटून घेऊन हातानें घातलें आहे. उजव्या हाताच्या कोंपऱ्याशीं वीतभर जागेंत टाके वांकडे पडले आहेत. ते उसवूं नयेत, असें मी सांगून ठेवलें आहे.