गाड्यांची टंचाई आणि किमतीचे गणित

मागणीच्या मानाने नव्या मोटारी कमी पडल्या की त्या तुटवड्याची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते. कधी ती वाढीव दराने मोजली जाते, कधी महिनोन्‌महिने थांबून, तर कधी पावतीवर न दिसणाऱ्या रकमेच्या रूपाने.

परवाना पद्धतीच्या काळात भारतीय ग्राहकाने यांपैकी शेवटचे दोन प्रकार पुरेपूर अनुभवले. कुर्ल्यात तयार होणारी फिएट आणि उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर, असे मोजकेच पर्याय होते. उत्पादनाला परवान्याची मर्यादा होती. १९५९ च्या आदेशाने वितरण व विक्रीवरही नियंत्रण आले. कागदावरील किंमत आटोक्यात राहिली, पण प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची झाली आणि नंबर लागलेली गाडी 'ऑन' घेऊन विकणाऱ्यांचे फावले. टंचाईचा लाभ ना उत्पादकाला झाला, ना सरकारी तिजोरीला. १९८३ मध्ये मारुती ८०० साठी दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली, तेव्हाही तोच अनुभव आला.

उदारीकरणानंतर ही टंचाई इतिहासजमा झाली असे वाटत असतानाच २०२१ साल उजाडले. करोनाच्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी सेमीकंडक्टर चिपची मागणी घटवली होती. चिप उत्पादकांनी आपली क्षमता संगणक व मोबाइलकडे वळवली. मोटारींची मागणी परतली तेव्हा चिप मिळेनात. अमेरिकेत जून २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचे दर वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी चढले. नवी गाडी मिळत नाही म्हटल्यावर ग्राहक जुन्या बाजाराकडे वळला. शिवाय नवी घेऊन जुनी विकणारेच कमी झाल्याने तेथेही माल आटला. शोरूममधील सवलती नाहीशा झाल्या आणि अनेक विक्रेते छापील किमतीवर जादा रक्कम मागू लागले.

आपल्याकडे चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या एक्सयूव्ही ७०० चे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रास्ताविक किमतीच्या २५ हजार गाड्यांची नोंदणी अवघ्या ५७ मिनिटांत झाली आणि लगेच किंमत वाढली. काही प्रकारांसाठी प्रतीक्षा वर्षाहून अधिक लांबली. पुढे पुरवठा सुधारला आणि जुलै २०२४ मध्ये याच गाडीच्या वरच्या श्रेणीतील किमती कंपनीने तात्पुरत्या उतरवल्या.

टंचाईत ग्राहकाचे वर्तनही बदलते. तो रंग किंवा प्रकाराचा आग्रह सोडतो, जुनी गाडी आणखी काही काळ चालवतो, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी नोंदणी करतो. या दुहेरी नोंदणीने रांग प्रत्यक्षाहून मोठी दिसते आणि ती पाहून इतरांची घाई वाढते. म्हणजे टंचाईची भीती टंचाईला अधिकच गडद करते.

अशा वेळी काही पथ्ये पाळणे हिताचे. नोंदणी केली म्हणजे किंमत गोठली असे नव्हे; बहुतेक वेळा गाडी ताब्यात मिळेल त्या दिवशीची किंमत लागू होते. नोंदणी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती मान्य करू नये. आणि गाडीची निकड नसेल, तर थांबण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.