रंग बदलणारा हात : पैठणच्या मागापासून घरगुती संगणकी भरतकामापर्यंत

नांदेड किंवा लातूरच्या बाजारात ब्लाउज शिवायला टाकले, की शिंपी विचारतो, ‘आरी वर्क पाहिजे की कॉम्प्युटर वर्क?’ आरी म्हणजे हाताचे काम, महाग आणि वेळखाऊ. कॉम्प्युटर म्हणजे मशीनचे, स्वस्त आणि दोन दिवसांत मिळणारे. गिऱ्हाईक आपला खिसा पाहून उत्तर देते आणि विषय तिथेच संपतो. पण या एका प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. मराठवाड्यात बसून तो वाचायला लागलो, तर त्याची सुरुवात युरोपात करावी लागत नाही. ती पैठणपासून करता येते.

हा लेख भरतकामाच्या यंत्राबद्दल असला, तरी त्यातल्या एकाच क्रियेचा मी पाठपुरावा करणार आहे : रंग बदलणे. लाल दोरा संपवून पिवळा घेणे. हाताने शिवणाऱ्या बाईला हे काम म्हणून जाणवतही नाही. यंत्र बनवणाऱ्याला मात्र हीच गोष्ट सर्वांत जास्त छळते. शिलाई मशीनला दोन मोटारी आणि एक छोटा संगणक जोडून घरच्या घरी भरतकामाचे यंत्र तयार करता येते, आणि जगभर हौशी मंडळी तसे करतातही. त्यांची गाडी अडते ती बहुधा दोरा आपोआप बदलण्यापाशी. ती तिथेच का अडते, याचे उत्तर इतिहासात आहे.

मागावरचा रंग

पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर पाहा. जरीच्या जमिनीवर हिरवा, निळा, लाल, पिवळा असे रंग शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि साडी उलटी केली तरी मागच्या बाजूला लोंबणारे दोरे दिसत नाहीत. याचे कारण असे, की प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ती आपल्या भागापुरती आडवी नेतो, शेजारच्या रंगाच्या दोऱ्यात अडकवतो आणि परत फिरवतो. आडवा दोरा कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. एका ओळीत दहा ठिकाणी रंग बदलत असेल, तर विणकर दहा वेळा कांडी बदलतो. इथे रंग बदलणारा आणि रंग ठरवणारा हात एकच आहे.

औरंगाबादच्या हिमरूत हे दोन हात वेगळे झाले. सूत आणि रेशीम यांच्या या कापडावरची वेलबुट्टी जादा दोऱ्याने उठते. देशी नक्षीच्या मागावर कोणत्या ओळीला कोणते उभे दोरे उचलायचे, हे आधी दोऱ्यांच्याच जाळ्यात बांधून ठेवलेले असे. नक्षी बांधणारा कारागीर एक, मागावर वर बसून दोऱ्या ओढणारा मदतनीस दुसरा आणि खाली धोटा फेकणारा विणकर तिसरा. नक्षी आता विणकराच्या बोटांत राहिली नव्हती, ती बाहेर एका बांधणीत साठवली गेली होती. आजच्या भाषेत हा प्रोग्रामच.

फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ मध्ये ही बांधणी पुठ्ठ्याच्या भोकांत उतरवली. एका ओळीला एक पत्ता. भोक असेल तिथला दोरा उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार. वर बसून दोऱ्या ओढणाऱ्या माणसाची गरज संपली. या पद्धतीने विणलेले जाकारचेच एक रेशमी चित्र प्रसिद्ध आहे, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. चार्ल्स बॅबेजने ते चित्र स्वतःजवळ ठेवले होते आणि आपल्या गणनयंत्राला सूचना देण्यासाठी हेच भोकांचे पत्ते वापरायचे त्याने ठरवले. पुढे हर्मन हॉलेरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत असे पत्ते वापरले. संगणकाच्या वंशावळीत माग आहे, हे आपण ऐकलेले असते. भरतकामाची शाखा मात्र वेगळी फुटली, आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो.

सुईत दोरा ओवणारी मुले

जोशुआ हाइलमन याने मुलूझ इथे १८२८ मध्ये भरतकामाचे पहिले यशस्वी यंत्र बनवले. त्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मधोमध नेढे असलेल्या सुया रांगेने बसवलेल्या असत. कापड उभे ताणलेले असे. कापडाच्या दोन्ही बाजूंचे चिमटे सुई आळीपाळीने पकडत आणि ओढून घेत. कारागिराच्या डाव्या हाताला नक्षीचे सहापट मोठे चित्र टांगलेले असे. तो एका दांड्याने त्या चित्रावरचा एकेक बिंदू गाठायचा आणि दांड्याला जोडलेली चौकट कापडाला सहा पटींनी कमी सरकवायची. बिंदू गाठायचा, सुया पार करायच्या, की पुढचा बिंदू.

या यंत्रात दोरा अखंड नव्हता. प्रत्येक सुईत हातभर दोरा, तो संपला की पुन्हा ओवायचा. शेकडो सुया. पूर्व स्वित्झर्लंडमध्ये अशी यंत्रे घराघरांत होती, आणि सुया ओवण्याचे काम घरातल्या बायका आणि मुले करत. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मुलांनी सुया ओवत बसणे हा तिथल्या बालमजुरीच्या इतिहासातला एक ठळक भाग आहे. यंत्राने भरतकाम करणारा हात हलका केला, तेव्हा दोरा ओवण्याचे ओझे लहान बोटांवर गेले.

इझाक ग्र्योब्लीने १८६३ च्या सुमारास शिलाई मशीनची कल्पना इथे आणली : वरून अखंड दोरा, खालून होडीच्या आकाराचा धोटा. त्या होडीवरूनच यंत्राचे नाव ‘शिफली’ पडले. त्याचा मुलगा जोसेफ आर्नोल्ड याने १८९८ मध्ये दांडा फिरवणाऱ्या कारागिराच्या जागी भोकांची पट्टी बसवली. आता नक्षी वाचण्याचे काम यंत्राकडे गेले आणि ती भोकांत लिहिणारा नवा कारागीर जन्माला आला. भरतकामाच्या धंद्यात नक्षी संगणकावर तयार करण्याला आजही ‘पंचिंग’ म्हणतात. भोके पाडणे केव्हाच थांबले, शब्द टिकला.

रंगाचा प्रश्न मात्र तसाच होता. शिफली यंत्रावर रंग बदलायचा तर यंत्र थांबवून शेकडो सुयांत नवा दोरा ओवावा लागे. पांढऱ्यावर पांढरे भरतकाम आणि लेस यांचा एवढा सुकाळ झाला, त्याला अभिरुचीइतकीच ही अडचणही कारण होती.

चाळीस शेरांचा धोंडा

रंगाची अडचण सुटली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः जपानी यंत्रांमुळे. युक्ती साधी होती : दोरा बदलायचाच नाही, सुई बदलायची. एका डोक्यात सहा, नऊ, बारा किंवा पंधरा सुया शेजारी बसवायच्या आणि प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा दोरा कायमचा ओवून ठेवायचा. खाली बॉबीनचा हुक एकच. रंग बदलण्याची सूचना आली की यंत्र थांबते, खालचा चाकू दोरा कापतो, सगळे डोके रुळावरून बाजूला सरकते आणि हवी ती सुई हुकाच्या बरोबर वर येते. चालवणारा दांडा तेवढ्या एकाच सुईला पकडतो, बाकीच्या वर अडकून राहतात.

या यंत्रांना सूचना देण्यासाठी तजिमा कंपनीची जी लिपी रूढ झाली, ती ‘डीएसटी’ या नावाने आजही सगळीकडे चालते. तिचे मूळ कागदी पट्टीवरच्या भोकांत आहे. तिच्यातली एक गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. आपल्याकडे एक जुने कोडे आहे : चाळीस शेरांचा धोंडा फुटून त्याचे चार तुकडे झाले, पण त्या चार तुकड्यांनी एक शेरापासून मणापर्यंत कोणतेही वजन करता येते. तर ते तुकडे किती किती शेरांचे? उत्तर १, ३, ९ आणि २७. तुकडे तराजूच्या दोन्ही पारड्यांत ठेवायची मुभा असल्यामुळे दोन शेर म्हणजे एकीकडे ३ आणि दुसरीकडे १. डीएसटीमध्ये सुई किती सरकवायची हे नेमके असेच लिहितात. एकक एक दशांश मिलिमीटर, आणि वजने १, ३, ९, २७, ८१, प्रत्येक अधिक किंवा उणे. या पाचांची बेरीज १२१, म्हणून एका सूचनेत सुई जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर जाऊ शकते. प्रत्येक टाक्याला तीन बाइट. बारा हजार टाक्यांची नक्षी जेमतेम ३६,००० बाइटांत मावते, मोबाइलवरच्या एका फोटोहून कितीतरी कमी जागेत.

पण या लिपीत रंगाचे नाव नाही. ‘इथे बदला’ एवढेच ती सांगते. बदल किती वेळा होणार, हा आकडा फाइलच्या सुरुवातीला असतो. लालवरून पिवळ्यावर जायचे की निळ्यावर, हे तिला ठाऊक नसते. पहिल्या सुईत कोणते रीळ आणि तिसऱ्या बदलाला कितवी सुई, हे यंत्रापाशी उभा असलेला माणूस ठरवतो. एकाच फाइलमधून एक मोर हिरवा निघतो आणि दुसरा जांभळा.

घरी बनवायचे तर

आता घरगुती यंत्राकडे वळू. आपल्या गावांतल्या शिवण क्लासमध्ये ‘मशीन भरतकाम’ शिकवत, ते आठवावे. पायमशीनचे दाते खाली करायचे, कापड लाकडी रिंगेत ताणायचे आणि सुई खालीवर होत असताना दोन्ही हातांनी रिंग फिरवायची. त्या बाईचे दोन हात म्हणजेच डावे-उजवे आणि पुढे-मागे. घरगुती संगणकी यंत्र या दोन हातांच्या जागी दोन स्टेपर मोटारी बसवते. हिशोब अवघड नाही. नेहमीची स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते, चालक सर्किट प्रत्येक पावलाचे १६ भाग करते, म्हणजे ३,२०० भाग. वीस दात्यांची पुली आणि दोन मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा पट्टा असेल, तर एका फेऱ्यात रिंग ४० मिलिमीटर सरकते. एका मिलिमीटरला ८० भाग, आणि डीएसटीच्या एका एककाला बरोबर आठ. इटलीत २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो या स्वस्त संगणक-पाटीला एवढे काम जमते. नक्षी तयार करायला इंकस्टिचसारखी फुकट साधनेही आहेत.

खरी कसरत वेळेची. मिनिटाला ६०० टाके म्हणजे एका टाक्याला दशांश सेकंद. त्यातला बराच वेळ सुई कापडात असते आणि तेव्हा रिंग हलली तर सुई वाकते किंवा मोडते. म्हणून मशीनच्या चाकावर सेन्सर बसवून सुई वर आल्याची खूण घ्यावी लागते आणि तेवढ्याच फटीत रिंग हलवावी लागते. वेग २०० टाक्यांवर आणला, तर हे निभते. बारा हजार टाक्यांच्या नक्षीला मग तास लागतो.

आणि मग रंग. अनेक सुयांचे डोके घरी बनवायचे, तर प्रत्येक सुई हुकाच्या समोर केसाएवढ्या अंतरावर, दर वेळी त्याच जागी यायला हवी. जरा चुकली तर टाका सुटतो, जास्त चुकली तर सुई हुकावर आपटते. प्रत्येक सुईला वेगळा ताण, दोरा वर ओढणारा वेगळा दांडा आणि दोरा तुटल्याची वेगळी खूण लागते. कापण्याचा चाकू खालून लागतो तो निराळाच. लेथवर चांगले काम करणारा कारागीर आणि सबुरी, दोन्ही हवे. त्यामुळे बरेच हौशी शेवटी सोपी वाट धरतात. यंत्र थांबते, शिटी वाजवते आणि माणूस येऊन दोरा बदलतो. जुना दोरा रिळापाशी तोडायचा, नव्याची त्याला गाठ मारायची, सुईपर्यंत ओढून घ्यायचे आणि शेवटी नेढ्यात ओवायचे. चोवीस बदल असतील आणि प्रत्येकाला एक मिनिट धरले, तर तासाच्या कामात २४ मिनिटांची भर पडते. स्वित्झर्लंडमधल्या त्या मुलांचे काम आता यंत्रमालक स्वतःच करतो.

हा वेळ वाचवायला पंचिंग करणारा नक्षीचा क्रमच बदलतो. आधी सगळे लाल, मग सगळे पिवळे, मग हिरवे. हाताने भरणारी बाई असे करत नाही. चार रंगांच्या चार सुया कापडाला टोचून ठेवून ती कोपऱ्यापासून सरकत जाते, आणि शेजारचा रंग पाहून पुढचा घेते.

तांड्यावरचा कशिदा

नांदेड जिल्ह्यात किनवट, माहूर, मुखेड या बाजूंना आणि लातूरच्या डोंगराळ पट्ट्यात बंजारा तांडे आहेत. फेटिया आणि कांचळी यांवरचा आरसे, कवड्या आणि रंगीत टाक्यांचा कशिदा ही या भागाची स्वतःची भरतकामाची परंपरा. ती पुस्तकातून शिकली जात नाही. आजीच्या कांचळीवरून नात शिकते. लदेणीचे बैल मीठ आणि धान्य घेऊन फिरत, तेव्हा ती वाटेवर शिवली गेली. रेल्वे आणि मोटारींनी लदेणी संपवली, तांडे स्थिर झाले, त्यानंतरही ती टिकली. आज सणाला आणि लग्नात मिरवायला मशीनवर काढलेल्या पट्ट्या तयार मिळतात, आणि त्या लावलेले पोशाख स्वस्तही पडतात. ज्या तरुण मुलीला शेतमजुरीतून आणि ऊसतोडीतून वेळ काढायचा आहे, तिने ते का घेऊ नयेत? तिला कुणी दोष देऊ नये.

प्रश्न वेगळा आहे. त्या पट्टीची फाइल कुणी केली? तांड्यावरच्या एका कांचळीचा फोटो कुठल्या तरी शहरातल्या पंचिंग करणाऱ्याच्या पडद्यावर जातो. तो तिचे रंग सोयीने सहावर आणतो, क्रम उलटतो, आणि तीच नक्षी हजारो मीटर निघते. जिच्या आजीची ती नक्षी, तिला ना पैसे, ना नाव. हिमरूचा नक्षी बांधणारा निदान मागाच्या शेजारी बसत असे. इथे तो शेकडो मैल दूर आहे.

म्हणून घरगुती यंत्राचे मोल मला हौसेपुरते वाटत नाही. मोठे अनेक डोक्यांचे यंत्र भांडवलवाल्याकडेच असणार. पण जुन्या मशीनवर उभे राहिलेले, मिनिटाला २०० टाके घालणारे, रंगापाशी थांबून शिटी वाजवणारे यंत्र बचत गटाच्या आवाक्यातले आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञान शिकवले जाते. आयटीआय आणि तंत्रनिकेतने दोन्ही जिल्ह्यांत आहेत. हुजूर साहिबला अर्पण होणाऱ्या रुमाल्यांमुळे भरतकामाला गिऱ्हाईक नांदेडलाच आहे. यंत्र जोडणे मुलांना जमेल. पंचिंग मात्र तांड्यावरच्या बायकांनी शिकायला हवे, कारण नक्षी आणि तिचा क्रम त्यांना ठाऊक आहे.

पैठणच्या विणकराकडे रंग ठरवणे आणि रंग बदलणे एकाच हातात होते. पुढे नक्षी बांधणारा, दांडा फिरवणारा, सुई ओवणारे मूल, भोके पाडणारा आणि बटण दाबणारा यांच्यात ते वाटले गेले. दर वेळी वाटले, की आता माणूस लागणार नाही. पण डीएसटीच्या तीन बाइटांत आजही रंगाला जागा नाही. यंत्र थांबले, शिटी वाजली, की कुणीतरी उठून रीळ निवडायचे असते. किनवटच्या तांड्यावर ते रीळ निवडणारी बाई त्या नक्षीची मालकीण असावी, एवढीच या इतिहासाकडून माझी अपेक्षा आहे.