जपानमधील भूकंप, त्सुनामी आणि दूरच्या आप्तांची खुशाली

जपानमध्ये भूकंप झाल्याची बातमी येताच महाराष्ट्रातील अनेक घरांत आज फोनकडे हात जातो. पुणे हे भारतातील जपानी भाषेच्या अध्ययनाचे एक प्रमुख केंद्र आहे. तेथून आणि मुंबई परिसरातून शिक्षणासाठी, तसेच संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी जपानला जाणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे. टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई हा भाग तर भारतीय वस्तीसाठीच ओळखला जातो. अशा कुटुंबांना दोन गोष्टी ठाऊक असणे हिताचे आहे : जपानमधील माणूस संकटासाठी कसा सज्ज असतो, आणि आपण येथून काय करावे व काय टाळावे.

बातमी कशी वाचावी?

आपल्याकडे 'तीव्रता' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. भूकंपात किती ऊर्जा मोकळी झाली, याचे माप म्हणजे महत्ता. बातमीतील ७ किंवा ८ हा आकडा तो असतो. विशिष्ट गावी जमीन किती हादरली, हे मात्र जपानी लोक 'शिंदो' या मापाने सांगतात. या मापात ० पासून ७ पर्यंत दहा पायऱ्या आहेत. ५ आणि ६ या अंकांचे कनिष्ठ व वरिष्ठ असे दोन भाग केलेले आहेत.

दूरच्या कुटुंबाच्या दृष्टीने दुसरे माप अधिक उपयोगाचे आहे. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची महत्ता ९.० होती. मियागी प्रांतातील कुरिहारा येथे शिंदो ७ नोंदला गेला. केंद्रापासून सुमारे पावणेचारशे किलोमीटरवरील टोकियोच्या मध्यभागी ही नोंद '५ वरिष्ठ' होती. म्हणून बातमी ऐकताच प्रथम नकाशा पाहावा आणि आपला माणूस राहतो त्या शहरातील शिंदो किती, हे शोधावे.

केवळ महत्तेवरून हानीचा अंदाज बांधता येत नाही, हे महाराष्ट्राने १९९३ मध्ये अनुभवले आहे. किल्लारीच्या भूकंपाची महत्ता सहाहून थोडीच अधिक होती. पण दगडमातीची घरे झोपेतील माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार जीव गेले. जपानमध्ये तेवढ्याच महत्तेचे भूकंप दरवर्षी होतात आणि त्यांतील बहुतेकांत जीवितहानी होत नाही. हा फरक मुख्यतः बांधकामाचा आहे.

काही सेकंदांची सूचना

भूकंपाच्या प्राथमिक लहरी वेगवान पण सौम्य असतात. विध्वंस घडवणाऱ्या दुय्यम लहरी त्यांच्या मागून येतात. या अंतराचा लाभ घेऊन जपानची हवामान संस्था ऑक्टोबर २००७ पासून सर्वसामान्य जनतेला पूर्वसूचना देते. मोबाइल एकदम कर्कश वाजू लागतात. हाती येणारा वेळ काही सेकंदांचा, फार तर काही दशक सेकंदांचा असतो. केंद्र अगदी जवळ असल्यास तोही मिळत नाही. तेवढ्या वेळात मजबूत टेबलाखाली शिरावे, डोके झाकावे आणि काचा व कपाटांपासून दूर व्हावे. शेगडी बंद करण्यासाठी धावू नये. मोठा हादरा बसल्यास गॅसचा मीटर पुरवठा आपोआप तोडतो.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे परिसरात झालेल्या भूकंपात ६,४३४ जण दगावले. त्यांतील बहुसंख्य घरांच्या अथवा सामानाच्या ओझ्याखाली चिरडले गेले होते. त्यामुळे कपाटे भिंतीला पक्की जखडणे आणि पलंगाजवळ जड वस्तू न ठेवणे हा जपानमधील सज्जतेचा पहिला धडा मानला जातो.

त्सुनामी : थांबू नका, परतू नका

खोल समुद्रात त्सुनामीचा वेग ताशी सातशे-आठशे किलोमीटर असतो. किनाऱ्याजवळ वेग घटतो आणि उंची वाढते. २०११ च्या आपत्तीत मृत व बेपत्ता मिळून १८ हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली. मृतांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण पाण्यात बुडून गेले होते.

त्या दिवशी हवामान संस्थेने तीन मिनिटांत इशारा दिला. परंतु पहिल्या अंदाजात मियागीसाठी ६ मीटर, तर इवाते व फुकुशिमासाठी ३ मीटर उंचीची लाट सांगितली होती. पुढे हे आकडे वाढवले गेले. मात्र वीज गेलेल्या गावांत ती सुधारणा सर्वांपर्यंत पोहोचली नाही. या अनुभवानंतर २०१३ पासून ८ हून अधिक महत्तेच्या भूकंपात पहिल्या इशाऱ्यात आकड्याऐवजी 'प्रचंड' असा शब्द वापरण्याची पद्धत सुरू झाली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७.६ महत्तेचा भूकंप झाला तेव्हा लाटा काही मिनिटांतच किनाऱ्याला लागल्या. किनाऱ्यावर दीर्घकाळ हादरे जाणवल्यास इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर जाणे, हाच खरा नियम.

ईशान्य जपानच्या सानरिकु किनाऱ्यावर 'त्सुनामी तेंदेंको' अशी एक शिकवण आहे. त्सुनामी आली तर ज्याने त्याने स्वतंत्रपणे पळावे, असा तिचा अर्थ. प्रथमदर्शनी ती निष्ठुर वाटते. आई मुलाला आणण्यास शाळेकडे धावते, मुलगा आजीसाठी घरी परततो आणि दोघेही पाण्यात सापडतात, असे त्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. 'ती आपल्या वाटेने निघाली असेल' हा विश्वास आधीच पक्का असेल, तरच प्रत्येकाचे पाय उंचावर वळतात. कामाइशी शहरात शाळांमधून ही शिकवण दिली गेली होती. २०११ मध्ये उनोसुमाई भागातील दोन शाळांची सुमारे ५७० मुले आपणहून उंचावर धावली आणि वाचली. याउलट इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेत मुले जवळजवळ ५० मिनिटे आवारात थांबून राहिली; तेथे ७४ विद्यार्थी व १० शिक्षक-कर्मचारी गमावले गेले.

फोन का लागत नाही?

भूकंपानंतर सर्वजण एकाच वेळी फोन करतात. अग्निशमन व रुग्णवाहिकेच्या क्रमांकांना वाट मिळावी म्हणून कंपन्या इतर फोन रोखून धरतात. २०११ मध्ये मोबाइलवरील आवाजी संभाषणांपैकी ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत रोखली गेली होती. इंटरनेटवरील संदेशांवर मात्र फारच कमी बंधने आली. म्हणून फोन न लागणे हे अशुभाचे लक्षण समजू नये.

कोबेच्या अनुभवानंतर १९९८ मध्ये जपानमध्ये '१७१' ही आपत्कालीन निरोप सेवा सुरू झाली. आपत्तिग्रस्त भागातील व्यक्ती आपल्या दूरध्वनी क्रमांकावर ३० सेकंदांचा निरोप ठेवू शकते आणि तो क्रमांक ठाऊक असलेले आप्त तो ऐकू शकतात. ही सेवा परदेशातून मिळत नाही. मात्र 'वेब १७१' ही तिची इंटरनेटवरील जोड भारतातूनही पाहता येते. दर महिन्याच्या १ व १५ तारखेला सेवेचा सराव करण्याची सोय आहे.

आधी ठरवून ठेवण्याच्या गोष्टी

तेथील आप्ताने :

- दरडोई दररोज ३ लिटर या हिशेबाने किमान तीन दिवसांचे, शक्य तर आठवड्याचे पाणी व अन्न साठवावे.
- उशाशी विजेरी आणि जाड तळाची पादत्राणे ठेवावीत. अंधारात फुटलेली काच हा मोठा धोका असतो.
- पारपत्र व निवासपत्राच्या प्रती, रोख रक्कम, नित्याची औषधे व मोबाइल चार्ज करण्याची बॅटरी एका पिशवीत भरावी.
- आपल्या भागाचा धोकादर्शक नकाशा आणि निवाऱ्याची जागा पाहून ठेवावी. एदोगावासारख्या सखल प्रभागात हे विशेष आवश्यक आहे.
- कचेरीत असताना मोठा भूकंप झाल्यास लगेच घरी निघू नये. २०११ मध्ये टोकियो परिसरात सुमारे ५१ लाख लोक घरी पोहोचू शकले नव्हते.

येथील कुटुंबाने :

- आप्ताचा जपानी लिपीतील पत्ता, दूरध्वनी क्रमांक, कचेरीचे नाव आणि एखाद्या शेजाऱ्याचा वा सहकाऱ्याचा संपर्क लिहून ठेवावा.
- कुटुंबातील एकाच व्यक्तीने संपर्क साधावा व तिने इतरांना कळवावे. दहा जणांच्या फोनमुळे तेथील माणसाची बॅटरी संपते.
- फोनऐवजी छोटा संदेश पाठवावा. 'सुखरूप आहे, अमुक ठिकाणी आहे' एवढ्या उत्तराचा मजकूर आधीच ठरवावा.
- जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. बातमी आली तेव्हा आपला माणूस घरी, प्रवासात की कामावर असेल, हे त्यावरून समजते.
- चोवीस तासांत निरोप न आल्यास प्रथम कचेरी वा विद्यापीठाकडे आणि नंतर टोकियोतील भारतीय दूतावासाकडे चौकशी करावी.

जपानमध्ये १ सप्टेंबर हा आपत्ती प्रतिबंध दिन पाळला जातो. १९२३ मध्ये याच दिवशी झालेल्या भूकंपात टोकियो-योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी तेथे शाळा-कचेऱ्यांतून सराव होतो. आपल्या आप्तांशी याविषयी बोलण्यास हा दिवस सोयीचा आहे. पत्ता, ठरलेला संदेश आणि संपर्कासाठी नेमलेली व्यक्ती यांची वर्षातून एकदा उजळणी झाली, तर काळजी संपणार नाही. परंतु पहिल्या काही तासांत काय करायचे, हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक असेल.