कोयनेल: ‘सगळ्यांना माहीत असलेली’ गोष्ट तपासताना

घरातल्या जुन्या माणसांसमोर ‘कोयनेल’ म्हणून बघा, तोंड वाकडं होईल. क्विनाईनचं हे जुनं मराठी नाव. आमच्या कळंबोलीत पाऊस सुरू झाला आणि बांधकामांवर पाणी साचलं की हिवतापाचा विषय आजही निघतोच. पण आज कोयनेल निवडलं ते संशोधनाच्या तयारीला लागलेल्या तुमच्यासाठी. पुस्तकातलं वाक्य का तपासायचं, हे या औषधाच्या इतिहासात फार चांगलं दिसतं.

आधी नावाचं बघू. पेरूच्या व्हाइसरॉयची बायको, चिंचोनची काउंटेस, एका झाडाच्या सालीने तापातून बरी झाली आणि तिने ती साल युरोपात नेली, ही कथा तुम्ही वाचली असेल. १६६३ मध्ये सेबास्तियानो बादो या इटालियन वैद्याने ती छापली. तिच्यावर विसंबून लिनियसने १७४२ मध्ये झाडाला ‘सिंकोना’ नाव दिलं, तेही स्पेलिंगमधला एक ‘एच’ गाळून! पुढे १९४१ मध्ये हॅगिस या अभ्यासकाने व्हाइसरॉयच्या काळातली रोजनिशी या कथेशी ताडून पाहिली. काउंटेसच्या त्या चमत्काराचा तिथे पत्ताच नव्हता. म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं एकाचं वाचून दुसरा लिहीत होता.

आता आपल्याकडे या. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावांतू यांनी पॅरिसमध्ये सालीतून क्विनाईन वेगळं काढलं. त्यामुळे डोस मोजून देता येऊ लागला आणि मागणी वाढली. १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कमच्या मोहिमेने सिंकोनाची रोपं आणि बिया दक्षिण अमेरिकेतून भारतात आणल्या. निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत झाड रुजलं, हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. महाबळेश्वरला लिंगमळ्याचा धबधबा बघायला तुम्ही गेला असाल. त्याच परिसरात १८६० च्या दशकात सरकारी सिंकोना लागवड झाली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिथला पाऊस झाडांना मानवला नाही आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. जुन्या सातारा गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. फसलेले प्रयोग असे कोपऱ्यातल्या नोंदींत राहतात. फक्त यशाच्या गोष्टी वाचल्या तर ‘सिंकोना भारतात रुजला’ एवढंच हाती लागतं. कुठे रुजला नाही आणि का, हा प्रश्न मनात येतच नाही.

तिसरी गोष्ट सर्वात गंभीर. गंभीर हिवतापात शिरेतून क्विनाईन द्यायचं, हे डॉक्टरांच्या पिढ्यांनी गृहीत धरलं होतं. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातल्या १४६१ रुग्णांवर त्याची आर्टेसुनेटशी तुलना झाली. २००५ मध्ये निकाल छापून आला: क्विनाईन दिलेल्यांत मृत्यू २२ टक्के, आर्टेसुनेट दिलेल्यांत १५ टक्के. म्हणजे शंभर रुग्णांमागे सात जीव. क्विनाईनने असंख्य लोक वाचवले हे खरंच, पण त्याहून चांगलं काही आहे का, हे तुलना केल्याशिवाय कळणार नव्हतं.

आणि हे औषध निरुपद्रवी कधीच नव्हतं. कान वाजणं, मळमळ, धूसर दिसणं हे त्याचे नेहमीचे त्रास. रक्तातली साखर एकदम उतरू शकते, हृदयाची लय बिघडू शकते, प्लेटलेट घटू शकतात. पायात गोळे येतात म्हणून ते घेऊ नका, असं अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी बजावलं ते याचमुळे. तेव्हा ताप आला तर आधी रक्त तपासा. आजीची आठवण काढून मनाने गोळी घेऊ नका.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या विषयात सगळे न तपासता लिहितात असं एक वाक्य निवडा. ते पहिल्यांदा कुणी लिहिलं आणि कशाच्या आधारावर, हे मागे मागे जाऊन शोधा. आधार पक्का निघाला तर उत्तम. नाही निघाला, तर प्रबंधाचा विषय तुमच्या हातात आलाच म्हणून समजा.